प्रागची जुनी ज्यू वस्ती बघायची कशी: वार, तिकीट, क्रम आणि टाळायच्या चुका

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला की मला अंदाज येतोच. पलीकडे पुण्याहून किंवा ठाण्याहून आलेलं कुणीतरी ज्यू वस्तीच्या दाराशी उभं असतं. "अगं, इथे सगळं बंद दिसतंय." रविवारी सकाळी त्यांची व्हिएन्नाची गाडी असते, त्यामुळे ही भेट राहून जाते ती जातेच. प्रागला आले त्या पहिल्या वर्षी मीही आईला घेऊन शनिवारीच गेले होते. बंद फाटकातून आतले दगड दिसतात का, म्हणून ती वाकून बघत होती ते अजून डोळ्यांसमोर आहे.

वार चुकला नाही तर क्रम चुकतो, आणि क्रम सांभाळला तर तिकीट अपुरं निघतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

## आधी एक समजूत दुरुस्त करा

या भागाचं नाव योसेफोव्ह. नकाशावर हेच नाव शोधा. इथे अरुंद गल्ल्या आणि जुनी घरं बघायला मिळतील अशा समजुतीने बरेच जण येतात. ती घरं आता नाहीत. १८९३ नंतर जुनी वस्ती जवळजवळ सगळी पाडली गेली आणि तिच्या जागी रुंद रस्ते आणि उंच, नक्षीदार इमारती आल्या. उरली ती सहा सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनागृहं), दफनभूमी, टाउन हॉल आणि आणखी एक-दोन वास्तू. म्हणजे रस्त्यावरून चक्कर मारून इथे हाती काही लागत नाही. जे आहे ते दारांच्या आत आहे. फुकटच्या पायी सहली या दारांसमोरून फिरवतात, आत नेत नाहीत. सहल जरूर करा, पण तिला भेट समजू नका.

सहांपैकी 'उंच सिनेगॉग' प्रार्थनेसाठी वापरतात, ते पर्यटकांसाठी नाही. त्याचं दार बंद दिसलं म्हणून घोटाळू नका.

## टप्पा १: वार आणि तारीख ठरवा

विमानाचं तिकीट हातात आलं की पहिलं काम हे करा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो आणि त्या दिवशी सगळं बंद राहतं. शनिवारी घाणा न चालवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्याकडे अनेकांनी ऐकलेलं आहे. तोच हा शनिवार. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास तो सुरू होतो, म्हणून 'जुनं-नवं' या नावाचं सिनेगॉग शुक्रवारी लवकर बंद होतं. डिसेंबरात प्रागला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. "शुक्रवारी दुपारी जेवून निघू" हा बेत हिवाळ्यात तरी करू नका.

शनिवारइतकेच सणांचे दिवस अडचणीत आणतात. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं आहे आणि त्यातही अधिक महिना धरतात. त्यामुळे आपल्या दिनदर्शिकेवरून ढोबळ अंदाज बांधता येतो:

- रोश हशाना, म्हणजे त्यांचं नववर्ष, घटस्थापनेच्या आसपास येतं.
- योम किप्पूर हा उपासाचा दिवस दसऱ्याच्या जवळ येतो. २०२२ आणि २०२४ मध्ये तर दोन्ही एकाच तारखेला होते.
- सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, कोजागरीच्या सुमारास.
- पेसाह, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, चैत्री पौर्णिमेच्या, म्हणजे हनुमान जयंतीच्या सुमारास.

अधिक महिना दोन्हीकडे एकाच वर्षी येतो असं नाही. त्यामुळे काही वर्षी हे सण महिनाभर आधी पडतात. २०२३ मध्ये आपला दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि योम किप्पूर २५ सप्टेंबरला. सणाचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, हेही लक्षात असू द्या.

तपासा: हा फक्त अंदाज आहे. पक्क्या तारखांसाठी प्रागच्या ज्यू संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची बंद दिवसांची यादी बघा. हिवाळ्यात दारं उन्हाळ्यापेक्षा लवकर बंद होतात, त्या वेळाही तिथेच मिळतील.

प्रागमध्ये तीन दिवस असतील तर यासाठी रविवार ते गुरुवारमधला एक दिवस आधी राखून ठेवा आणि किल्ला, पूल, नदीवरची फेरी बाकीच्या दिवसांत बसवा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

## टप्पा २: तिकीट समजून घ्या

इथे दोन वेगळ्या संस्थांचा कारभार आहे आणि गोंधळाचं मूळ तेच.

ज्यू संग्रहालयाकडे पिंकास, मायझल, क्लाउस आणि स्पॅनिश ही चार सिनेगॉग, जुनी दफनभूमी आणि तिच्या शेजारचं अंत्यविधी-भवन आहे. जुनं-नवं सिनेगॉग मात्र प्रागच्या ज्यू समाजाकडे आहे. त्याचं तिकीट वेगळं मिळतं, किंवा दोन्ही मिळून एकत्र तिकीट घ्यावं लागतं. संग्रहालयाचं साधं तिकीट घेऊन जुन्या-नव्याच्या दारातून परत फिरलेले लोक मी दर उन्हाळ्यात बघते.

माझा सल्ला एकत्र तिकिटाचा. ते महाग वाटतं, पण यातलं काही वगळायचंच झालं तर जुनं-नवं सिनेगॉग वगळण्यासारखं नाही.

तिकीट घरूनच ऑनलाइन घ्या. ते राहिलं तर मायझलोवा रस्त्यावर १५ क्रमांकाच्या इमारतीत संग्रहालयाचं माहिती आणि आरक्षण केंद्र आहे. दफनभूमीच्या दाराशी रांगेत ताटकळण्यापेक्षा आधी तिथे जा.

तपासा, पैसे भरण्याआधी:
- दुरुस्तीसाठी सध्या कोणती वास्तू बंद आहे? जुन्या इमारती आहेत, एखादी बंद असू शकते.
- तिकीट किती दिवस चालतं?
- मुलं आणि विद्यार्थ्यांची सवलत लागू आहे का? असेल तर ओळखपत्र बरोबर ठेवा.

इशारा: चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड दिल्यावर यंत्राने "रुपयांत की कोरुनात?" असं विचारलं तर कोरुना निवडा. रुपये निवडलेत तर दर यंत्रवाला ठरवतो.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

सामान थोडंच लागतं. जाड तळव्याचे बूट घाला, कारण दफनभूमीची वाट उंचसखल आहे आणि पावसात निसरडी होते. खांदे झाकणारे कपडे घाला. पुरुषांनी टोपी घ्या. नसेल तर जुन्या-नव्या सिनेगॉगच्या दारात डोक्यावर ठेवायला कागदी किप्पा मिळते, आणि ती आत असेपर्यंत काढायची नाही. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा. मोठी पाठपिशवी मुक्कामीच राहू द्या.

एक छोटी वही आणि पेन मात्र नक्की घ्या. त्याचं काम पुढे येईल.

दहा-बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर पिंकासमध्ये काय आहे ते त्यांना आदल्या रात्री शांतपणे सांगा. दारात उभं राहून घाईघाईत सांगू नका. आधी कळलेली मुलं आत आपोआप हळू बोलतात, हे मी माझ्या भाच्यांच्या बाबतीत पाहिलं आहे.

## टप्पा ४: दार उघडताच पिंकास

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर स्तारोम्येस्त्स्का स्थानकावर उतरा. तिथून शिरोका रस्त्यावरचं पिंकास सिनेगॉग पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. नऊला दार उघडतं, पावणेनऊला तिथे असा. दहानंतर मोठे गट येऊ लागतात, आणि गर्दीत ही जागा बघणं म्हणजे न बघण्यासारखंच.

सुरुवात इथूनच का, तर दफनभूमीत जायचा रस्ता पिंकासमधून आहे आणि तो एकेरी आहे. शिवाय सकाळी मन ताजं असतं. हीच जागा दुपारी चारला, पाय दुखत असताना बघितली तर भिंतींवरची अक्षरं नुसती नक्षी वाटतात.

ती नक्षी नाही, ती नावं आहेत. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं इथे हाताने लिहिलेली आहेत. वाट्स्लाव बोश्तीक आणि यिर्शी योन या दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात ती लिहिली. १९६८ मध्ये वास्तू बंद झाली, ओलीने अक्षरं गेली आणि १९९०च्या दशकात ती सगळी पुन्हा लिहावी लागली.

वाचायचं असं: आधी गावाचं नाव, मग आडनाव लाल अक्षरांत, त्यापुढे व्यक्तीचं नाव, जन्मतारीख आणि ती हयात असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख काळ्या अक्षरांत. ती शेवटची तारीख बहुतेक वेळा छावणीकडे नेल्याची असते. एका घरातली माणसं लागोपाठ येतात. माझी आत्या आली होती तेव्हा ती एका ओळीसमोर बराच वेळ उभी होती. बोट हवेतच धरून तिने हिशेब केला, "म्हणजे हा चार वर्षांचा होता." पुढची ओळ त्याच्या आईची होती. आत्या मग दुसऱ्या भिंतीकडे गेलीच नाही, आणि मला वाटतं तिने ही जागा नीट बघितली.

तुम्हीही तेच करा. सगळ्या भिंतींवरून नजर फिरवू नका. एका भिंतीसमोर थांबा, एकच नाव निवडा आणि वहीत गाव, नाव, जन्मतारीख उतरवून घ्या.

मग जिना चढून वर जा. तिथे तेरेझीनच्या नाझी छावणीत मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने त्या मुलांना चित्रकला शिकवली. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं, पण त्याआधी सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसांत भरून मागे राहतील अशी व्यवस्था झाली होती. खाली नावं बघून थकलेले लोक हा मजला चुकवतात. चुकवू नका.

इशारा: भिंतींना हात लावू नका. फोटोचा नियम दारावर लिहिलेला असतो, तो वाचा. परवानगी असली तरी नावांपुढे स्वतःचे फोटो काढू नका. आणि आत फोनवर बोलू नका, "पोचलो" एवढं सांगायलाही नाही.

## टप्पा ५: दफनभूमी

पिंकासमधून थेट इथे बाहेर येता. पहिली चूक इथे लगेच होते: सगळे कॅमेरा काढून पुढे सरकतात आणि दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचतात. वाट एकेरी आहे, मागे येता येत नाही. म्हणून प्रवेश केल्यावर आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा.

दगड एकमेकांना टेकून, तिरके, दाटीवाटीने का उभे आहेत? कारण जागा वाढवता येत नव्हती आणि जुनी थडगी उकरायची नाहीत असा धर्माचा दंडक. मग जुन्या थडग्यांवर माती चढवली, वर नवी दफनं केली आणि खालचे दगड उचलून वरच्या थरात रोवले. असे थरावर थर झाले. म्हणून शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन दगडांत दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. आज सुमारे १२,००० दगड आहेत. सर्वांत जुना १४३९चा, कवी आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) अविग्दोर कारा यांचा. बाहेर दिसते ती त्याची प्रतिकृती. शेवटचं दफन १७८७ मधलं.

हिब्रू येत नसलं तरी दगड वाचता येतात. त्यावरच्या आकृत्या बघा:

- आशीर्वादासाठी उचललेले दोन हात: कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या कुळातला.
- पाण्याची सुरई: लेवी कुळातला, जो पुरोहितांच्या हातावर पाणी घालतो.
- द्राक्षांचा घड, कात्री, प्राणी: सुबत्ता, धंदा किंवा नाव.

प्राणी बहुधा नावावरून आलेले असतात. इतिहासकार आणि खगोलज्ञ डेव्हिड गान्स (मृत्यू १६१३) यांच्या दगडावर हंसासारखा पक्षी आहे, कारण जर्मनमध्ये 'गान्स' म्हणजे तोच पाळीव पक्षी. त्याच्यासोबत सहा टोकांचा तारा आहे.

बाकी काही सापडलं नाही तरी रब्बी लोव (मृत्यू १६०९) यांचं थडगं शोधा. उतरत्या छपराच्या घरासारखी दगडी पेटी, तिच्यावर सिंह, आणि कडांवर ठेवलेले लहान खडे. फटींत घड्या घातलेल्या चिठ्ठ्याही दिसतील. लोक इथे मागणं लिहून ठेवतात. आपल्याकडे नवसाचे दोरे बांधलेलं झाड बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इशारा: ज्यू लोक थडग्यावर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. तो कुणीतरी आठवणीने ठेवलेला असतो. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती उचलून खिशात टाकतात. दोरीपलीकडे जायचं नाही, काही खायचं नाही.

इथे थांबून तपासा: घड्याळात साडेदहा-अकरा वाजले असतील तर वेग बरोबर आहे. दहाच वाजले असतील तर तुम्ही धावत आलात. अजून बाहेर पडू नका, एखादी कडेची रांग पुन्हा बघा.

## टप्पा ६: अंत्यविधी-भवन आणि क्लाउस

दफनभूमीच्या बाहेर पडायच्या टोकालाच ही दोन्ही आहेत. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या रीती आणि सण समजावणारी मांडणी आहे. उघडी असतील तर अर्धा तास द्या, आणि त्यातही अंत्यविधीचा भाग आधी बघा. दफनभूमी डोळ्यांसमोर ताजी असते, त्यामुळे तो लगेच उमगतो.

## टप्पा ७: जुनं-नवं सिनेगॉग

इथे एकत्र तिकीट कामाला येतं. सुमारे १२७० मधली ही वास्तू आहे आणि आजही इथे प्रार्थना होते. युरोपात वापरात असलेलं सर्वांत जुनं सिनेगॉग हेच. आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण सात शतकांत बाहेरचा रस्ता वर चढला. गुडघे दुखणाऱ्यांना हात द्या.

डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग वर बघा. छताच्या कमानीला चाराऐवजी पाच फासळ्या आहेत. आता बाजूच्या भिंतींतल्या अरुंद फटी बघा: पलीकडे स्त्रियांची जागा आहे, तिथून प्रार्थना ऐकू येते.

माळ्यावर रब्बी लोव यांनी घडवलेला गोलेम, म्हणजे जिवंत केलेला मातीचा पुतळा, पडून आहे, अशी दंतकथा आहे. माळा बघायला मिळत नाही, दारातल्या माणसाला विचारत बसू नका.

इशारा: प्रार्थना सुरू असताना पर्यटक म्हणून आत जाता येत नाही.

बाहेर आलात की शेजारच्या ज्यू टाउन हॉलकडे मान वर करा. दोन घड्याळं दिसतील. वरचं नेहमीचं. खालच्यावर आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं आहेत आणि त्याचे काटे उलटे फिरतात, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. मुलांना आधी काही सांगू नका, त्यांना ते स्वतः सापडू द्या.

## टप्पा ८: जेवण

कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे. हा गैरसमज आपल्या लोकांत पक्का आहे आणि त्यातून पानात नको ते येतं. कोशरचा अर्थ एवढाच की अन्न त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे आहे: मांस आणि दूध एकत्र नाही, ठरावीक प्राणी वर्ज्य. कोशर उपाहारगृह 'मांसाचं' असतं किंवा 'दुधाचं'. शाकाहारी असाल तर दुधाचं शोधा, पण तिथेही मासे आणि अंडी असू शकतात. 'पार्व्हे' असं लिहिलेल्या पदार्थात मांस आणि दूध नसतं. अंडं किंवा मासा असू शकतो. मागवण्याआधी मासा आणि अंडं दोन्ही वेगवेगळं विचारा.

## टप्पा ९: दुपारी मायझल, शेवटी स्पॅनिश

मायझल सिनेगॉगमध्ये इथल्या ज्यूंचा अठराव्या शतकापर्यंतचा इतिहास मांडला आहे. सकाळी पाहिलेली नावं, म्हणजे कारा, लोव, गान्स, इथे पुन्हा भेटतात, त्यामुळे सकाळपेक्षा दुपारीच ते जास्त कळतं. पाऊण तास पुरतो.

मग पार्झिझ्स्का रस्ता ओलांडून स्पॅनिश सिनेगॉगकडे जा. पलीकडच्या बाजूला असल्याने पुष्कळांचं हेच राहून जातं. १८६८ मध्ये बांधलेली ही वास्तू आतून लाल, हिरव्या आणि सोनेरी नक्षीने भरलेली आहे, एक वीत जागा रिकामी नाही. आत बसायची सोय असेल तिथे बसा आणि घुमटाकडे बघा. दिवसभर उभं राहिल्यावर डोळ्यांना आणि पायांना दोन्हीला इथे विसावा मिळतो, म्हणून ते शेवटी ठेवायचं.

तपासा: बंद व्हायच्या वेळेच्या किमान तासभर आधी इथे पोचलेले असा.

## टप्पा १०: त्याच दिवशी तेरेझीन नको

तेरेझीन प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर आहे. सकाळी पिंकास आणि दुपारी तेरेझीन असा बेत आखणारे दोन्हीकडे अर्धवट बघतात. त्याला वेगळा दिवस द्या, होलेशोवित्से स्थानकावरून बस जाते. परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच टिपून ठेवा.

राहिली ती वही. रात्री मुक्कामी परतल्यावर 'होलोकॉस्ट डॉट सीझेड' हे संकेतस्थळ उघडा. तिथे या बळींची शोधता येणारी नोंदवही आहे. सकाळी उतरवलेलं नाव आणि जन्मसाल टाका. कोणत्या तारखेला कुठून कुठे नेलं ते दिसेल, आणि काही नोंदींसोबत कागदपत्रं किंवा फोटोही असतात. आत्याने शोधलं तेव्हा त्या मुलाच्या पानावर फोटो नव्हता. त्याच्या आईच्या पानावर होता.